दीड सेकंद

“...तर मग सर, आता तुम्हीच सांगा, यात माझी चूक कुठे आली?”

मुल्लासर काही बोलले नाहीत.

एका जुन्या मॉनिटरचं झाकण उघडून ते त्याच्या पोटात डोकावत बसले होते. सोल्डरिंगचा बारीक धूर त्यांच्या चष्म्यावरून वर जात होता.

शाल्मलीने थोडी वाट पाहिली. पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

“सर?”

...

मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीमागे, औषधांच्या एका गोदामावर ही खोली आहे. दस्तगीर मुल्ला तिथे बसतात. तीस वर्षं त्यांनी तंत्रनिकेतनात प्रोसेसर शिकवला. निवृत्त झाल्यावर गावातल्या दवाखान्यांची बिघडलेली यंत्रं त्यांच्याकडे येऊ लागली, ती अजून येतात.

शाल्मली तगारे त्यांची विद्यार्थिनी. डिप्लोमा झाल्यावर ती वर्षभर याच खोलीत, याच टेबलाशी बसून शिकली. मग पुण्याला गेली. सात वर्षं झाली. या सात वर्षांत दर ईदेला तिचा मेसेज यायचा आणि दर दिवाळीला सरांचा. भेट नाही.

आता ती एकोणतीस वर्षांची होती. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत अकरा जणांची प्रमुख. ही कंपनी रुग्णाला थेंबाथेंबाने औषध देणारा सिरिंज पंप बनवत होती. पंपाचं फर्मवेअर शाल्मलीचं. म्हणजे प्रोसेसरने डोळे उघडल्यापासून काय काय करायचं आणि कोणत्या क्रमाने करायचं, ते सगळं तिने लिहिलेलं.

आणि ते चांगलं लिहिलेलं होतं. तिला ते माहीत होतं. इतरांनाही माहीत असावं अशी तिची अपेक्षा असायची.

“सर, माझी साडेचारची गाडी आहे.”

सरांनी मॉनिटरमधली एक तार चिमट्याने उचलून पाहिली.

शाल्मली स्टुलावरून उठली. खिडकीपाशी गेली. खाली कोणीतरी खोकी उतरवत होतं. ती परत येऊन बसली. फोन पाहिला. कंपनीच्या साहेबांचे तीन मेसेज होते. हर्डीकर साहेब एकच गोष्ट तीन तऱ्हांनी विचारत होते... रिपोर्ट झाला का?

सोमवारी सकाळी दहा वाजता चौकशी समितीपुढे तिला लेखी द्यायचं होतं. ते लेखी तिच्या बॅगेत तयार होतं. फक्त सरांनी एकदा ‘बरोबर आहे’ म्हणावं, एवढ्यासाठी ती आली होती.

येताना गाडीत तिने सगळी हकिगत मनात चारदा म्हणून पाहिली होती. त्यामुळे सांगताना ती घोटीव उतरली. कुठे अडखळली नाही. पाऊण तास लागला.

आणि आता सर बोलत नव्हते.

“तुम्हाला पटलं नाही का?” तिचा आवाज चढला. “पटलं नसेल तर तसं सांगा. पण असं गप्प राहू नका.”

तिचा हात टेबलावर आपटला तशी सरांनी मान वर केली. तिच्याकडे पाहिलं. सोल्डरिंग गन स्टँडवर ठेवली. मग उजव्या हाताच्या बोटाने आपल्या डाव्या कानावर दोनदा टिचकी मारली.

“या बाजूने काही ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “दोन वर्षं होऊन गेली.”

...

शाल्मलीला आधी ते कळलंच नाही.

मग कळलं.

“म्हणजे... मी आत्ता जे बोलले...”

“ओठ हलताना दिसत होते अधूनमधून.”

“सगळं? पाऊण तास?”

“पंखा चालू आहे. रस्त्यावर वर्दळ आहे. पंप, पंप असं काहीतरी आलं.”

“मग तुम्ही मला थांबवलं का नाही?”

“तू विचारलंस कुठे?” सरांच्या आवाजात राग नव्हता. “दारातून आलीस, भिंतीकडचं स्टूल ओढलंस, पूर्वी बसायचीस तिथेच बसलीस आणि सुरू झालीस. मला वाटलं, बोलून मोकळी होत असेल. कधी कधी माणसाला तेवढंच हवं असतं.”

शाल्मलीचे कान गरम झाले. तिला आठवलं, दारात तिने ‘कसे आहात’ म्हटलं होतं खरं. पण उत्तरासाठी थांबली नव्हती.

“सॉरी, सर.”

“या बाजूला ये.”

तिने स्टूल उचलून त्यांच्या उजवीकडे ठेवलं. बसली. घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं.

“तुम्ही कुठपर्यंत ऐकलंत? तिथून पुढे सांगते.”

“जे ऐकलंच नाही, ते कुठपर्यंत होतं हे मी कसं सांगू?”

“मग?”

“पहिल्यापासून.”

...

दुसऱ्यांदा सांगताना तेच शब्द येईनात.

गाडीत घोटलेलं सगळं एकदा वापरून झालं होतं. ते पुन्हा तसंच म्हणायला तिची जीभ वळेना. तिने सुरुवात केली, थांबली, पुन्हा केली.

“आमचा पंप आहे. सिरिंज आडवी बसवायची. मोटर तिचा दांडा हळूहळू ढकलते. औषध शिरेत जातं.”

“पुढे.”

“बॅटरीवर असताना पंप थांबवून ठेवला, तर दोन मिनिटांनी तो झोपतो. बाकी सगळ्याची वीज बंद. फक्त मेमरीला अगदी बारीक धार चालू ठेवतो, म्हणजे तिच्यातलं पुसलं जात नाही. चालूचं बटन दाबलं की उठतो आणि होता तिथून पुढे सुरू करतो.”

“आणि पूर्ण बंद करून चालू केला तर?”

“तर कोरा उठतो. मेमरीत काहीच नसतं. मग सगळं पहिल्यापासून तपासतो... मोटर, बॅटरी, सिरिंज. अकरा सेकंद लागतात.”

“आणि झोपेतून उठायला?”

शाल्मली ताठ बसली. “पाव सेकंद. सर, या किमतीत कुणाचाच पंप एवढ्या लवकर उठत नाही. प्रदर्शनात डॉक्टर लोक नुसतं बटन दाबून दाबून बघत होते.”

सरांनी मान डोलवली. “मग काय झालं?”

तिने पेनचं टोपण लावलं.

“सातपुड्याच्या पायथ्याशी एक छोटं रुग्णालय आहे. चाचणीसाठी आमचे दोन पंप तिथे दिले होते. तीन आठवड्यांपूर्वी तिथल्या एका बाळंतिणीला औषध चालू होतं. ते जास्त गेलं. दुप्पट वेगाने. तिचा श्वास मंद झाला.”

“वाचली?”

“वाचली. सिस्टरच्या लक्षात आलं. त्यांनी पंप काढला, उतारा दिला.”

“सिस्टरचं नाव काय?”

शाल्मली गोंधळली. पहिल्या हकिगतीत नाव नव्हतं. तिथे ‘ड्यूटीवरची परिचारिका’ एवढंच होतं. बॅगेतल्या रिपोर्टातही तेवढंच होतं.

“वळवी. सोनकी वळवी.”

“दुप्पट कसं गेलं?”

“लाईट गेली होती. सिरिंज रिकामी झाली म्हणून त्यांनी पंप थांबवला. नवी शोधेपर्यंत दोन मिनिटं गेली, तो झोपला. मग त्यांनी दुसरी लावली. आधीची वीस मिलीची होती. ही पन्नासची. पन्नासची जाड असते. दांडा तेवढाच पुढे सरकला तरी औषध दुपटीने बाहेर पडतं.”

“आणि पंप?”

“पंप उठला आणि वीसचीच आहे असं समजून चालू राहिला.” ती घाईने पुढे म्हणाली, “पण सर, सूचनापुस्तिकेत पान चौदावर स्पष्ट लिहिलंय, सिरिंज बदलण्याआधी पंप पूर्ण बंद करावा. त्यांनी केला नाही. प्रोसेसरने काहीही चुकीचं केलं नाही. मेमरीतला एक आकडा इकडचा तिकडे झाला नाही. मी सगळं तपासलं. तीन आठवडे तपासतेय.”

“म्हणजे तो झोपला होता.”

“हो.”

“मेला नव्हता.”

“नाही.”

“उठल्यावर पहिली सूचना कुठून वाचतो?”

हे सरांनी तिला याच टेबलाशी शिकवलं होतं. तिला हसू आलं, थोडं चिडूनच.

“ठरलेल्या पत्त्यावरून.”

“आणि मेलेला उठतो तेव्हा?”

“त्याच पत्त्यावरून.”

“दोन्ही वेळा एकच दार?”

“दोन्ही वेळा.”

“मग दारातून आत आल्यावर त्याला कसं कळतं, आपण आत्ता जन्मलो की झोपून उठलो?”

“एक खूण लिहून ठेवलेली असते. ती असली तर झोपून उठला. नसली तर कोरा.”

“ती खूण कोण लिहितं?”

“तोच. झोपण्याआधी.”



“म्हणजे जो उठतो, तो कुणाच्या तरी चिठ्ठीवर विश्वास ठेवतो.”

“स्वतःच्याच.”

“झोपण्याआधीच्या स्वतःच्या.”

“नुसता विश्वास नाही ठेवत, सर. मेमरीतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज करून ठेवलेली असते. उठल्यावर पुन्हा बेरीज करतो. जुळली तरच पुढे.”

“बेरीज जुळली म्हणजे काय कळलं?”

“चिठ्ठी शाबूत आहे.”

“चिठ्ठीत लिहिलंय ते आत्ता खरं आहे, हे कळलं?”

...

शाल्मली उठली. स्टुलाला पाय लागून ते कलंडलं, तिने ते सरळ केलं.

“सर, असं बघायला लागलं तर कशावरच विश्वास ठेवता येणार नाही. मग झोपायचंच कशाला? दर वेळी अकरा सेकंद घालवायचे?”

“मी अकरा म्हटलं नाही.”

“मग किती?”

सरांनी उत्तर न देता विचारलं, “कोरा उठतो तेव्हा सिरिंज किती जाड आहे हे पंपाला कोण सांगतं?”

“सिरिंज धरून ठेवणाऱ्या चिमट्यापाशी एक सेन्सर आहे. जाडी मोजतो.”

“त्याला किती वेळ लागतो?”



फोन थरथरला. हर्डीकर. तिने तो पालथा घातला.

“शाल्मली, सेन्सरला किती वेळ लागतो?”

“दीड सेकंद.”

“झोपेतून उठताना तो मोजत नाही?”

“नाही.”

“आधीपासून नाही?”

 पहिल्या हकिगतीत हा प्रश्न कुठेच येत नव्हता. ती हकिगत तिने अशी रचली होती की तो येऊच नये. रचताना आपण काही रचतोय, हे मात्र तिला जाणवलं नव्हतं.

“आधी मोजत होता,” ती म्हणाली.

“मग?”

“गेल्या वर्षी मी ते काढलं. प्रदर्शन जवळ आलं होतं. उठायला पावणेदोन सेकंद लागत होते आणि दुसऱ्या एका कंपनीचा पंप एका सेकंदात उठत होता. मी पाहिलं, सगळा वेळ त्या सेन्सरमध्येच जातोय. झोपेत सिरिंज कोण बदलणार, असं मला वाटलं. त्या अकरा ओळी काढल्या. वर एक शेरा लिहिला.”

“काय लिहिलंस?”

“‘झोपेत सिरिंज बदललेली नाही असे धरून.’”

“कोणी धरलं?”

शाल्मली खिडकीकडे गेली. खाली आता खोकी नव्हती. रिकामा टेम्पो उभा होता. ती तिथेच उभी राहिली, सरांकडे पाठ करून.

मग तिच्या लक्षात आलं की असं पाठमोरं बोललेलं त्यांना ऐकू जाणार नाही. ती वळली.

“मी धरलं,” ती म्हणाली.

...

सरांनी सोल्डरिंग गन पुन्हा हातात घेतली.

“सर, आता मी काय करू?”

“सिस्टरना फोन कर.”

“त्यांना काय सांगू?”

“मी कुठे म्हटलं सांग म्हणून?”

नंबर तिच्याकडे होता. तीन आठवड्यांत तिने तो लावला नव्हता. पंपाच्या पोटातली नोंद तिने शेकडो वेळा वाचली होती... किती वाजता झोपला, किती वाजता उठला, मोटर किती फिरली. पण तिथे उभ्या असलेल्या माणसाला काही विचारावं, असं तिच्या मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

“हॅलो, सिस्टर वळवी? मी शाल्मली तगारे, पुण्याहून. पंपाच्या कंपनीतून.”

 पलीकडून एक दबलेला आवाज. “हां मॅडम, बोला. मी दिलंय लिहून.”

“काय लिहून दिलंय?”

“चौकशीवाल्यांना. पान चौदा वाचलं नव्हतं म्हणून. बंद करून लावायला पाहिजे होती सिरिंज. माझं चुकलं. सही पण केलीय.”

शाल्मलीने सरांकडे पाहिलं. ते चिमट्याने तार धरून डाग देत होते.

“सिस्टर, त्या दिवशी नक्की काय झालं ते मला सांगाल? पहिल्यापासून?”

“तुम्हाला तर माहीत असेल ना मॅडम, मशीनमध्ये सगळं असतं म्हणतात.”

“मशीनमध्ये सगळं नसतं. तुम्ही सांगा.”

सिस्टर सांगू लागल्या. आधी अडखळत, मग भराभर. लाईट गेली. वीसच्या सिरिंजा संपल्या होत्या, स्टोअरला कुलूप. पन्नासची एक पेटीत होती. तीच लावली.

“तुमचा माणूस शिकवायला आला होता ना, त्यानेच सांगितलं होतं. कुठली पण सिरिंज लावा, पंप आपोआप ओळखतो. त्याने लावून दाखवली, मॅडम. बंद केला, चालू केला, बरोबर ओळखली. मला वाटलं, ओळखली असेल.”

“हो,” शाल्मली म्हणाली.  “आणि नंतर तुमच्या लक्षात कसं आलं?”

“मी बघत होते ना. श्वास मोजत होते. आधी सोळा होते, मग बारा, मग नऊ. पंपावर तर सगळं हिरवं होतं. पण बाई हाक मारली तर नीट बघेना. मी नळी काढली आणि डॉक्टरांना ओरडून बोलावलं.”

“पंपावर हिरवं असताना तुम्ही मोजत होतात?”

“मशीन लावलं म्हणून बघायचं सोडतात का मॅडम?”



“ती बाई आता घरी आहे,” सिस्टर म्हणाल्या. “बाळ चांगलं आहे. परवा लसीला घेऊन आली होती.” आणि मग हळू आवाजात, “मॅडम, माझं कंत्राटाचं काम आहे. मार्चला संपतं. हे असं नावावर राहिलं तर पुढे घेतील का हो? तुम्हाला काही कल्पना आहे?”

“सिस्टर, मी... मी तुम्हाला परत फोन करते.”

तिने फोन ठेवला. 

...

“काय म्हणाल्या?” सरांनी विचारलं.

तिने सांगितलं. या वेळी एकही शब्द न गाळता.

“आणि तू काय म्हणालीस?”

“परत फोन करते म्हणाले.”

सरांनी मान डोलवली आणि मॉनिटरमध्ये डोकं घातलं.

ती खोलीत फेऱ्या मारू लागली. दारापासून खिडकीपर्यंत सात पावलं. तिने बॅगेतून रिपोर्ट काढला. अठरा पानं होती. तक्ते होते, आलेख होते. सगळं खरं होतं. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता.

“सर, यात खोटं काहीच नाहीये,” ती त्यांच्या उजव्या बाजूला येऊन म्हणाली.

“बेरीज जुळते?”

“जुळते.”



तिने पानं टेबलावर ठेवली. उचलली. पुन्हा ठेवली. मग शेवटचं पान उलटं केलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर, उभ्याउभ्याच, पेनने लिहायला लागली.

पहिलं वाक्य तिने तीनदा खोडलं. चौथ्यांदा ते असं झालं:

‘झोपेतून उठताना सिरिंजची जाडी मोजण्याची तपासणी या पंपात पूर्वी होती. ती गेल्या वर्षी मी काढून टाकली.’

त्यापुढचं सोपं गेलं. कोणत्या अकरा ओळी, कोणत्या तारखेला, का. शिकवताना काय सांगितलं गेलं होतं आणि पंप प्रत्यक्षात काय करत होता. सगळं पाऊण पानात बसलं. शेवटी लिहिलं, ‘परिचारिका सोनकी वळवी यांनी पंपावर विसंबून न राहता रुग्णाचे श्वास मोजले, म्हणून रुग्ण वाचला. त्यांच्याकडून घेतलेला कबुलीजबाब परत करावा.’

खाली सही केली. फोटो काढला. हर्डीकरांना पाठवला.

मिनिटभरात फोन आला.

“शाल्मली, हे काय आहे?”

“रिपोर्ट आहे, साहेब.”

“अगं, तुला कळतंय का तू काय लिहिलंयस? समितीने विचारलेलंसुद्धा नाही हे. त्या सिस्टरने मान्य केलंय. विषय संपलाय.”

“त्यांना माहीत नव्हतं, साहेब. मला माहीत होतं.”

“उत्पादन थांबेल. कदाचित चार महिने, कदाचित सहा. आणि तुला या जागेवर ठेवता येईल असं मी सांगू शकत नाही.”

“हो.”

“हो काय? एकदा नीट विचार कर. सोमवारपर्यंत वेळ आहे.”

“साहेब, मी तीन आठवडे विचारच करत होते,” ती म्हणाली. “सोमवारी हेच देणार आहे.”

तिला वाटलं होतं, फोन बंद झाल्यावर मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही.  तिने घड्याळ पाहिलं. पाच वाजायला आले होते. गाडी केव्हाच गेली होती.

मग तिने सिस्टरना फोन लावला.

“सिस्टर, तुमच्या माणसाने... म्हणजे आमच्या माणसाने सांगितलं होतं ते बरोबर होतं. पंपाने सिरिंज ओळखायलाच हवी होती. उठताना ओळखण्याचं काम मी काढून टाकलं होतं. तुमचं चुकलं नव्हतं. माझं चुकलं.”

पलीकडे बराच वेळ शांतता.

“हॅलो? सिस्टर?”

“हां.” आवाज बदललेला. “मॅडम, तुम्ही हे लिहून देणार?”

“दिलंय.”

“मग मी जे लिहून दिलं...”

“ते परत मागा. माझा कागद सोमवारी तिथे पोचेल. त्याची एक प्रत तुम्हालाही पाठवते.”

 मग सिस्टरनी नाक ओढल्याचा आवाज आला.

“तीन आठवडे मी हेच म्हणत होते स्वतःला,” त्या म्हणाल्या. “की मी ती बाई मारली असती.”

 या वेळी शाल्मलीने फोन ठेवला नाही. सिस्टर बोलायच्या थांबेपर्यंत ती तो कानाला धरून उभी राहिली.

...

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही.

समितीने शाल्मलीचा कागद घेतला आणि चाचणी थांबवली. उत्पादन पाच महिने पुढे गेलं. अकरा जणांची प्रमुख दुसरी कुणी झाली, आणि शाल्मली तिच्या हाताखाली काम करू लागली. कॅन्टीनमध्ये काही जण तिच्याशी बोलेनासे झाले. एकदोघं नव्याने बोलायला लागले. सिस्टर वळवींचा कबुलीजबाब परत मिळायला सात आठवडे आणि चार अर्ज लागले. त्यांचं कंत्राट पुढे चालू राहिलं.

ती तपासणी पंपात पुन्हा आली. पंप आता झोपेतून उठायला पावणेदोन सेकंद घेत होता.

पण शाल्मलीला चैन पडेना. चूक कळली होती, दुरुस्त झाली होती, तरी डोक्यात काहीतरी फिरतच राहिलं. जेवताना, गाडी चालवताना, मीटिंगमध्ये. सिरिंज तपासली. पण बॅटरी? झोपेत ती बदलली असेल तर? तीही तपासली. पंप एका रुग्णाकडून उचलून दुसऱ्याकडे नेला असेल तर? एकेक करत तपासण्या वाढत गेल्या. पावणेदोनाचे तीन सेकंद झाले, तिनाचे सहा. नवी प्रमुख एक दिवस म्हणाली, “शाल्मली, यापेक्षा त्याला कोराच उठू दे ना.”

त्या शनिवारी ती पुन्हा मिरजेला आली.

सर एका नेब्युलायझरची मोटर साफ करत होते. ती दारातच उभी राहिली.

“सर, तुम्ही कसे आहात?”

“गुडघा दुखतो,” सर म्हणाले. “नातीचं लग्न ठरलंय. कोल्हापूरचा मुलगा आहे. बस.”

ती बसली. लग्नाचं ऐकलं, गुडघ्याचं ऐकलं. चहा झाला. मग तिने विचारलं, आणि विचारताना तिचा पाय सारखा हलत होता.

“सर, मी आता त्याला सगळं तपासायला लावते. मेमरीतल्या एकाही गोष्टीवर तो आंधळेपणाने विसंबत नाही. पण मग मला कळत नाही... उठल्यावर सगळं नव्यानेच बघायचं असेल, तर झोपलेला आणि मेलेला यांत फरक तो काय राहिला?”

सरांनी मोटर फुंकून पाहिली. फडक्याने पुसली. खाली ठेवली.

“तो फरक उठणाऱ्याला कळत नाही,” ते म्हणाले. “श्वास मोजत उशाशी बसलेल्याला कळतो.”